लालबागहून लाल पांडापर्यंत

"मावशीआजी, इथे लाल पांडा का नाही?" राणीच्या बागेत पेंग्विनच्या काचेपुढे भाचीच्या मुलीने विचारलं आणि मी "त्याला आपला उकाडा सोसत नाही" असं ठोकून दिलं. घरी येऊन वाचलं तर उत्तर चक्क बरोबर निघालं. पारा पंचवीसच्या वर गेला की या प्राण्याला त्रास होतो, आणि मुंबईत पंचवीस म्हणजे आपण कपाटातून स्वेटर काढतो. वाचता वाचता आणखीही कळलं. नावात पांडा असला तरी तो काळ्यापांढऱ्या पांडाचा भाऊबंद नाही. त्याचं कूळच वेगळं आणि त्या कुळात आता दुसरं कोणी उरलेलं नाही. आपल्या देशात तो सिक्कीम, अरुणाचल आणि उत्तर बंगालच्या डोंगरांत राहतो. दार्जिलिंगच्या झूमध्ये तो बघता येतो आणि तिथून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर सिंगालीलाच्या जंगलात मोकळाही असतो.

हे सगळं डिसेंबर २०२४ मधलं. प्रत्यक्ष गेलो नोव्हेंबर २०२५ मध्ये. मधलं वर्ष कुठे गेलं आणि तिकडे काय झालं ते लिहून ठेवते, कारण नेटवर जे सापडतं ते बहुतेक हातभर लेन्सवाल्यांचं आहे. माझं वय चोपन्न, नोकरी पतपेढीत, डावा गुडघा कुरकुरणारा. नवरा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आणि थंडीचा वैरी.

आधी महिना ठरवला. सिंगालीला राष्ट्रीय उद्यान १६ जून ते १५ सप्टेंबर बंद असतं. एप्रिलमध्ये गुरांस (म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन) फुलतो म्हणून लोक तेव्हा जातात, पण मार्च-एप्रिलमध्ये पतपेढीतला माणूस हलू शकत नाही. उरला नोव्हेंबर. आकाश स्वच्छ, थंडी कडक.

ऑगस्टमध्ये दोघांनी तपासण्या केल्या. ईसीजी, ट्रेडमिल टेस्ट, रक्त, मिळून ३,८०० रुपये गेले. डॉक्टर म्हणाले हृदय ठीक आहे, वजन उतरवा, जिने चढा. आमची इमारत चार मजली, लिफ्ट नाही, त्यामुळे जिने ही काही नवी गोष्ट नव्हती. तरी रोज संध्याकाळी पाच किलो तांदळाची पिशवी पाठीला लावून तीन फेऱ्या मारायला लागलो. शेजारच्या काकूंनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, रेशन एकदम का नाही आणत? रविवारी कान्हेरीच्या पायऱ्या. चढण्याने गुडघा दुखत नाही, उतरण्याने दुखतो, हे तिथे कळलं. तेव्हा काठी घेतली. तुम्हीही घ्या, लाजू नका.

रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. ८ नोव्हेंबरला निघायचं म्हणून ९ सप्टेंबरला सकाळी आठच्या ठोक्याला मी मोबाइलवर आणि नवरा लॅपटॉपवर. कुर्ला टर्मिनसहून गुवाहाटीकडे जाणारी गाडी न्यू जलपाईगुडीला थांबते. थ्री एसीची जाण्यायेण्याची चार तिकिटं, १०,४०० रुपये. विमान बागडोगऱ्याला जातं, वेळ वाचतो, पण आमच्या हिशेबात बसलं नाही.

खरी कसोटी रजेची. अर्जात 'कारण' या रकान्यात 'कौटुंबिक' लिहिलं असतं तर प्रश्न मिटला असता, पण मी प्रामाणिकपणे 'प्रवास, दार्जिलिंग, वन्यजीव' लिहिलं. साहेबांनी चष्मा खाली केला. "वन्यजीव म्हणजे?" लाल पांडा, म्हटलं. "तो दिवाळीनंतरच दिसतो का?" अर्ज मुख्य कार्यालयात गेला, अठरा दिवसांनी परत आला, कारण फॉर्म जुन्या नमुन्यातला होता. नव्या नमुन्यात तोच मजकूर. पुन्हा बारा दिवस. त्याच दिवसांत मी वाचलं की हार्डविक नावाच्या मेजर जनरलने १८२१ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीत या प्राण्यावर निबंध वाचला, तो छापून यायला १८२७ उजाडलं, आणि मधल्या मध्ये १८२५ साली फ्रेदेरिक क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने त्याला आयल्युरस फुल्जेन्स हे नाव देऊन टाकलं. नामकरणाचा मान गेला तो गेलाच. माझे महिनाभराचे तीस दिवस मला एकदम हलके वाटले.

रजा मंजूर झाली आणि पाचच दिवसांत, ४ ऑक्टोबरच्या रात्री, दार्जिलिंगच्या डोंगरांत प्रचंड पाऊस झाला. दरडी कोसळल्या, माणसं गेली, मिरिककडे जाणारा दुधियाचा पूल पडला. टीव्हीवर ती दृश्यं बघताना आपल्या सहलीचा विचार मनात येतो याचीच लाज वाटत होती. तिकिटं रद्द करायची की नाही यावर घरी आठवडाभर बोलणं झालं. शेवटी ज्या घरी राहणार होतो तिथे फोन केला. बाई म्हणाल्या, रस्ता होतोय, तुम्ही या, लोक आले नाहीत तर आमचं काय? मग आम्ही गेलो. पावसाळा संपतासंपता जाणाऱ्यांनी मुक्कामाच्या ठिकाणी थेट फोन करूनच ठरवावं, बातम्यांवरून नाही.

प्रवासाबद्दल फार लिहीत नाही. दोन रात्री, चार तास उशीर, मेथीचे ठेपले तिसऱ्या जेवणाला संपले. १० नोव्हेंबरला रात्री दार्जिलिंगला पोचलो तेव्हा नवऱ्याने दोन स्वेटरवर जाकीट चढवलं होतं आणि तो म्हणाला, "हे प्राणी शहाणे असते तर मुंबईत आले असते."

आता मुद्द्याचं. मला कोणी विचारलं तर मी सांगेन, आधी झू, मग जंगल. पद्मजा नायडू हिमालयन प्राणिउद्यान १९५८ साली सुरू झालं, सरोजिनी नायडूंच्या कन्या आणि बंगालच्या माजी राज्यपाल पद्मजा नायडू यांचं नाव त्याला नंतर मिळालं. साधारण सात हजार फुटांवर आहे, म्हणजे पांडाला घरच्यासारखी हवा. आम्ही ११ आणि १२ तारखेला सकाळी फाटक उघडल्या उघडल्या आत गेलो. बाकीचे लोक वाघाकडे आणि हिमबिबट्याकडे धावतात, त्यामुळे सकाळचा पहिला तास पांडासमोर बऱ्यापैकी निवांत मिळतो. दुपारी मात्र तो झाडावर गाठोडं होऊन झोपतो आणि शाळेच्या सहली "कुठाय, कुठाय" करत निघून जातात.

पहिल्या दिवशी मी फक्त "अगं बाई" एवढंच म्हणत होते. मांजरापेक्षा थोडा मोठा, तांबूस, तोंडावर पांढऱ्या खुणा, शेपटीवर वर्तुळं. दुसऱ्या दिवशी बघायला लागले. तो बांबूची फांदी हातात धरतो ती माणसासारखी, कारण मनगटाचं एक हाड वाढून अंगठ्यासारखं झालेलं आहे. पानं तोंडाच्या कडेने करकरत खातो. पोट मात्र मांसाहारी प्राण्याच्या घडणीचं, बांबू नीट पचत नाही, म्हणून दिवसाचा मोठा भाग खाण्यातच जातो. झाडावरून उतरताना डोकं खाली करून उतरतो, घोटे वळवून. थंडी वाजली की शेपूट नाकावर घेऊन झोपतो, ऊन लागलं की फांदीवर पालथा पसरून चारी पाय खाली सोडतो.

आणि एकदा तो आमच्या डोक्याच्या वरच्या फांदीवरून चालत गेला तेव्हा नवरा म्हणाला, "अरे, हा खालून काळा आहे!" खरंच, पोट आणि पाय काळे कुळकुळीत. मी 'हो' म्हटलं आणि फोटो काढत राहिले. हे वाक्य मला चार दिवसांनी आठवणार होतं.

तिथल्या एका काळजीवाहकाशी बोलणं झालं. झाडूचा आवाज थांबला की बोलायचं, त्यांच्या कामात लुडबुड करायची नाही, एवढं पाळलं तर माणसं भरभरून सांगतात. समोर दिसतात ते थोडे. प्रजननासाठीचे बरेचसे प्राणी गर्दीपासून दूर तोपके दारा इथल्या केंद्रात असतात. जोड्या कोणी मनाने जुळवत नाही. जगभरच्या झूंमधल्या लाल पांडांची वंशावळ नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या झूमध्ये ठेवली जाते, आणि कोणाचं कोणाशी जमवायचं ते त्यावरून. थोडक्यात सगोत्र नको. पत्रिका बघणाऱ्या आमच्या आत्याबाईंना हे फार आवडलं असतं. इथे जन्मलेल्या स्वीटी आणि मिनी या दोन माद्या २००३ मध्ये सिंगालीलात सोडल्या होत्या, आणि पुढच्या वर्षी स्वीटी जंगलात व्यायली. अलीकडे २०२२ ते २०२४ या काळात आणखी नऊ सोडले. म्हणजे आम्ही ज्या जंगलात चाललो होतो तिथे यातल्याच कोणाची पोरंबाळं भेटण्याची शक्यता होती. पिंजऱ्यातला तो खोटा आणि जंगलातला तो खरा असं माझ्या डोक्यात जे होतं, ते इथे सैल झालं.

१३ तारखेला पुन्हा जायचं ठरवलं होतं. गुरुवार. झू गुरुवारी बंद असतं. वर्षभर वह्या भरून टिपणं काढणाऱ्या बाईने एवढंच बघितलं नव्हतं. नवरा काही बोलला नाही, हे त्याचं मोठेपण. आम्ही सामान उचलून मानेभंज्यांगला गेलो.

१४ नोव्हेंबर. मानेभंज्यांग हे डोंगराच्या खाचेत बसलेलं छोटं गाव, रस्त्याची एक बाजू भारत, दुसरी नेपाळ. वनखात्याच्या चेकपोस्टवर ओळखपत्र, नाव-पत्ता, किती दिवस, गाईड कोण, अशी नोंद होते आणि प्रवेश शुल्काची पावती मिळते. गाईड घ्यावाच लागतो. आमची चाळीस मिनिटं गेली, त्यातली वीस पुढच्या गटाच्या हरवलेल्या ओळखपत्रात. या डोंगराच्या धारेवरूनच सीमा जाते आणि राहण्याची बरीच घरं नेपाळच्या बाजूला आहेत, म्हणून आधारवर विसंबू नका, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट जवळ ठेवा. रोख पैसे दार्जिलिंगलाच काढा. आणि फोन नेपाळचं नेटवर्क पकडतो, तेव्हा रोमिंग बंद करून ठेवा. आमच्या गाईडने हे सांगितलं नसतं तर बिल बघून पांडापेक्षा जास्त लाल झालो असतो.

वर जाणाऱ्या रस्त्याचं वर्णन एका शब्दात: हाडं. जीप टोंगलूवरून गैरीबासपर्यंत खाली आणि मग पुन्हा वर. आम्ही गैरीबासच्या वर, कैयाकाटाजवळ एका घरी उतरलो. लाकडी खोली, तीन गोधड्या, चुलीशेजारी जेवण. संडास बाहेर, वीस पावलांवर. ही वीस पावलं पुढे महागात पडली.

१५ तारखेला पहाटे साडेपाचला नवऱ्याचं डोकं ठणकत होतं. मला वाटलं उंचीमुळे. गाईडने विचारलं, काल पाणी किती प्यायलात? उत्तर मिळेना. रात्री थंडीत बाहेर जायला लागू नये म्हणून साहेबांनी दुपारपासून पाणीच टाळलं होतं. उंचीवर हे अजिबात करू नका. तो गोधडीत राहिला, गरम पाणी आणि गोळी घेऊन. मी गाईडबरोबर निघाले.

शोधाची पद्धत अशी: गावातले दोघे वाटाडे उजाडण्याआधीच उतारावर जातात, वेगवेगळ्या दिशांना. काही दिसलं की शीळ किंवा फोन. तोवर आपण वाटेवर थांबायचं. घरातलं कुत्रं आमच्या मागे निघालं तर गाईडने त्याला दगड दाखवून परत पिटाळलं. मला ते जरा निष्ठुर वाटलं. मग त्याने सांगितलं, कुत्र्यांचा डिस्टेंपर हा रोग पांडाला झाला तर तो वाचत नाही, शिवाय कुत्री पिल्लं मारतात. पलीकडे नेपाळच्या इलाम जिल्ह्यात तर रेड पांडा नेटवर्क या संस्थेने गावकऱ्यांनाच जंगलाचे राखणदार म्हणून नेमलं आहे, ते याच गोष्टींवर लक्ष ठेवतात.

सव्वाआठला शीळ आली. मग मालिंगोच्या जाळीतून उतार. मालिंगो म्हणजे बोटाएवढ्या जाडीचा बांबू, इतका दाट की पुढच्या माणसाची फक्त टोपी दिसते. पायाखाली ओली पानं. दोनदा बसले, एकदा ठरवून आणि एकदा न ठरवता. काठी आणि गुडघा दोघांनी मिळून मला खाली नेलं. वाटाडा एका जुन्या झाडाकडे बोट दाखवत होता. मला काही दिसेना. त्या झाडांवर तांबूस शेवाळ लोंबतं, अगदी त्याच रंगाचं, आणि मध्येमध्ये पांढरे ठिपके. एका गाठोड्याकडे मी पाच मिनिटं भक्तिभावाने बघितलं, ते शेवाळ निघालं.

गाईड कानाशी येऊन म्हणाला, "दीदी, लाल मत ढूँढो. नीचे से काला दिखता है."

आणि मला झूमधली ती फांदी आठवली. लाल शोधायचं सोडलं आणि आभाळाच्या उजेडात काळं शोधायला लागले. तिसऱ्या फांदीवर एक काळी पट्टी. तिला एक पाय होता. पायाच्या मागे जाड शेपूट खाली सुटलेली.

तो ऊन खात पालथा पडला होता. एवढंच. काही वेळाने उठला, पुढचा पाय चाटला, आमच्याकडे एकदा बघितलं, फार महत्त्व दिलं नाही. मग डोकं खाली करून उतरला, घोटे वळवून, अगदी तसाच, आणि मालिंगोत गेला. बांबू हलत गेला तेवढी रेघ काही क्षण दिसली. अकरा मिनिटं, वाटाड्याने घड्याळ लावलं होतं. माझ्या मोबाइलच्या फोटोत एक तपकिरी डाग आहे आणि तो लोकांना दाखवताना मी बोट ठेवून सांगते. मी तेव्हा रडले वगैरे नाही. मला एकदम वाटलं की हे एकटीने बघायचं नव्हतं.

खोलीवर परतले तेव्हा नवरा उन्हात बसून चहा पीत होता. "दिसला?" मी मान हलवली. तो पटकन "छान" म्हणाला आणि कपात बघत राहिला.

पुढचे तीन दिवस आम्ही त्याच्यासाठी पांडा शोधला. १६ ला धुकं, दहा फुटांपलीकडे काही नाही. १७ ला एका आडव्या खोडावर लेंड्यांचा ढीग सापडला, हिरवट, टोकदार, ताज्या. पांडा ठरलेल्या जागी जातो, त्यामुळे वाटाड्यांसाठी ही मोठी खूण असते. नवरा वाकून इतका वेळ बघत होता की गाईडला गंमत वाटली. एक उचलून रुमालात बांधू का, असं नवऱ्याने विचारलंही. बांधता येत नाही. हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, जंगलातून काही म्हणजे काहीही आणायचं नसतं. पुढे खुडलेली पानं दिसली, कडा अजून ओल्या होत्या. म्हणजे तासाभरापूर्वी इथे होता. १८ ला पाच तास बसलो. समोर कांचनजंगा लखलखीत, पाय बधिर. वाटाडे रिकाम्या हाताने आले आणि त्यांनाच अपराधी वाटत होतं. नवरा त्यांना म्हणाला, "भाई, वो भी छुट्टी पे होगा." मला त्यातलं खोटं हसू कळलं.

खर्चाचं विचाराल म्हणून: धारेवरच्या पाच रात्री जेवणासह १८,०००, गाईड आणि वाटाडे १७,५००, जीप ७,०००, दार्जिलिंगच्या चार रात्री ८,८००, इतर गाड्या, कपडे, बूट, तिकिटं, तपासण्या धरून दोघांचे ८४,४०० रुपये झाले. वाटाड्यांच्या पैशात घासाघीस करू नका. पांडा दिसो न दिसो, ते पहाटे चारला उठलेले असतात.

१९ तारखेला उतरलो. दार्जिलिंगला पोचलो तेव्हा दुपारचे अडीच. दुसऱ्या दिवशी गाडी. मी खोलीवर जाऊन गरम पाण्यात पाय सोडायच्या विचारात होते, तर नवरा म्हणाला, "आज बुधवार आहे ना?"

चढ चढून पुन्हा त्याच फाटकाशी गेलो. तिकीट खिडकी उघडी होती. आत सहलीची मुलं, गोंगाट, पांडा वरच्या फांदीवर गाठोडं होऊन झोपलेला. नवरा कुंपणाशी उभा राहिला, हात खिशात, मान वर. मी बाकावर बसले. पाऊण तास गेला. मुलं गेली, ऊन उतरलं, मग तो उठला, आळस दिला आणि फांदीवरून चालत आमच्या डोक्यावर आला.

"असा दिसला?" नवऱ्याने मान वर ठेवूनच विचारलं.

"असाच. फक्त उजेड मागून होता."

तो जरा डावीकडे सरकला, सूर्य पांडाच्या मागे येईल असा, आणि डोळे बारीक करून पुन्हा वर बघायला लागला.